सप्तपदी आणि नोंदवही

समलिंगी विवाहाची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा दोन ठरीव वाक्यांनी सुरू होते आणि तिथेच अडून बसते. एक पक्ष म्हणतो, विवाह हा धर्माने घालून दिलेला संस्कार आहे, कायद्याने त्यात हात घालू नये. दुसरा पक्ष म्हणतो, विवाह हा नागरिकाचा हक्क आहे, धर्माचा तिथे संबंध नाही. हे दोन्ही पक्ष एकमेकांशी कडाडून भांडत असले तरी एक गोष्ट दोघांनाही न बोलता मान्य असते. ती अशी की धर्माचा विवाह आणि कायद्याचा विवाह ही दोन वेगळी घरे असून त्यांच्या मध्ये पुरातन काळापासून एक भिंत उभी आहे. प्रस्तुत लेखात हे गृहीतकच तपासून पाहायचे आहे. ही भिंत कोणी, केव्हा आणि कोणासाठी बांधली, हे पाहिल्याखेरीज आजच्या वादातले नेमके काय पणाला लागले आहे ते कळणार नाही, असे वाटते.

वादाचा ताजा संदर्भ सर्वांना ठाऊक आहे. ‘सुप्रियो विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल दिला. विवाह करण्याचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला विवाहाहून वेगळी अशी काही कायदेशीर मान्यता द्यावी काय, आणि त्यांना एकत्रितपणे मूल दत्तक घेता यावे काय, यावर मात्र पीठ दुभंगले. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल एका बाजूला, तर न्यायमूर्ती भट, कोहली आणि नरसिंह दुसऱ्या बाजूला राहिले. तीन विरुद्ध दोन अशा मतांनी दोन्ही मागण्या फेटाळल्या गेल्या. पुनर्विलोकनाचे अर्जही जानेवारी २०२५ मध्ये नामंजूर झाले.

या सुनावणीतला एक तपशील इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचा वाटावा असा आहे. धर्माधिष्ठित व्यक्तिगत कायद्यांत आम्ही शिरणार नाही, प्रश्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्यापुरताच पाहू, असे न्यायालयाने सुरुवातीलाच स्पष्ट केले होते. म्हणजे याचिकाकर्ते देवळाच्या, चर्चच्या किंवा मशिदीच्या दारात उभे नव्हते. ते नोंदणी कार्यालयाच्या दारात उभे होते. तरीही केंद्र सरकारच्या प्रतिज्ञापत्रात विवाह हा हिंदूंमध्ये संस्कार आहे, तो परंपरा, रूढी आणि सामाजिक मूल्ये यांवर अवलंबून आहे, असा युक्तिवाद होता. धर्माशी संबंध नसलेल्या दारातून आत येऊ पाहणाऱ्यांना धर्माचे कारण सांगून थांबवले जावे, हे वरवर विसंगत दिसते. परंतु या दाराचा इतिहास पाहिला तर ही विसंगती नवी नाही, हे ध्यानात येते.

१. संस्कार आणि सरकार

प्रथम संस्काराची बाजू पाहू. मनुस्मृतीसह धर्मशास्त्राच्या ग्रंथांनी विवाहाचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत ब्राह्म आहे, तसा केवळ परस्परांच्या इच्छेवर उभा असलेला गांधर्वही आहे; आणि आसुर, राक्षस यांसारखे प्रकारही आहेत. ग्रंथांच्या बाहेरचे चित्र तर याहून वैविध्यपूर्ण होते. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत पाट किंवा मोहोतूर लावण्याची रीत होती, काडीमोड होती. मराठेशाहीत पाटावर ‘पाटदाम’ नावाची पट्टी वसूल होत असे. तेव्हा विवाहात सरकार आले ते इंग्रजांबरोबर, ही समजूतही तितकीशी खरी नाही. सरकार होतेच, पण ते कर घेत असे. विवाह म्हणजे काय याची एकच व्याख्या ठरवीत नसे.

ही व्याख्या ठरवण्याचे काम इंग्रजी न्यायालयांनी हाती घेतले. न्यायालयासमोर आलेला हिंदू हा एका ग्रंथाचा अनुयायी आहे असे धरून चालल्यामुळे रूढींचे वैविध्य आक्रसत गेले. विवाह मोडून स्त्रीला दुसरे लग्न लावू देण्याचा जातीचा अधिकार मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८७६ च्या सुमारास अमान्य केला. ज्या जातींत काडीमोड पिढ्यान्पिढ्या चालत आली होती त्या जातींच्या स्त्रियांवरही विवाह अविभाज्य असल्याचा नियम असा वरून लादला गेला. आज ज्याला आपण ‘सनातन’ विवाहसंस्था म्हणतो तिची घडण एकोणिसाव्या शतकातल्या निवाड्यांनी बरीच केली आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण रखमाबाईंच्या खटल्याचे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जायचे नाकारले, तेव्हा त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली तो फेटाळला. नांदण्याची सक्ती करणारा दावा हिंदू धर्मशास्त्राला ठाऊकच नाही, तो इंग्लंडातून इकडे आला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वरच्या पीठाने हा निर्णय फिरवला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना पतीकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि रखमाबाई पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या.

या खटल्यात पुण्यामुंबईचे सनातनी धर्मरक्षणाच्या नावाने दादाजींच्या पाठीशी उभे राहिले. लोकमान्य टिळकांनीही रखमाबाईंच्या विरुद्ध लिहिले. पण ज्या उपायाच्या रक्षणासाठी धर्माची हाक घातली जात होती तो उपाय इंग्लंडच्या ख्रिस्ती धर्मन्यायालयांचा होता, आणि तो न पाळल्याबद्दलची कैद खुद्द इंग्लंडने १८८४ सालीच, म्हणजे ज्या वर्षी दादाजींनी दावा लावला त्याच वर्षी, रद्द केली होती. ‘आमचा धार्मिक विवाह’ या शब्दांआड किती निरनिराळ्या ठिकाणचे सामान भरलेले असते, हे यावरून दिसावे.

संस्कार आणि सरकार यांची ही सरमिसळ सुधारकांच्या बाजूनेही झाली. १८५६ च्या विधवापुनर्विवाह कायद्याने विधवांच्या विवाहाला मान्यता देताना, कुमारिकेच्या विवाहात जे मंत्र आणि जे विधी पुरेसे असतात तेच विधवेच्या विवाहातही पुरेसे होतील, असे कलमच घातले. कोणते मंत्र पुरतात हे कलकत्त्याच्या कायदेमंडळाने सांगितले! आज हे आपल्याला खटकत नाही, कारण त्या कलमाने मिळालेला न्याय आपण मान्य केलेला आहे.

२. बाहेरच्यांसाठी केलेले दार

आता नोंदवहीची बाजू. भारतातल्या नागरी विवाहाचा उगम एखाद्या धर्मनिरपेक्ष तत्त्वात नसून एका धार्मिक पेचात आहे. केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्म समाजाने मूर्तिपूजाविरहित विवाह सुरू केले, आणि असे विवाह कायद्याने वैध ठरणार नाहीत, असा सल्ला त्यांना मिळाला. हेन्री मेन यांनी १८६८ साली विधेयक मांडले ते व्यापक होते. प्रचलित धर्मविधीने लग्न करण्यास हरकत असणाऱ्या कोणाही एतद्देशीयाला ते लागू झाले असते. प्रांतिक सरकारांनी त्याला विरोध केला. मग फिट्झजेम्स स्टीफन यांनी ते फक्त ब्राह्मांपुरते आखडले, तर देवेंद्रनाथ ठाकुरांचा आदि ब्राह्म समाज पुढे आला आणि म्हणाला, आम्ही हिंदूच आहोत, आम्हाला वेगळे काढू नका.

यातून निघालेली वाट म्हणजे १८७२ चा तिसरा कायदा. या कायद्याखाली लग्न करणाऱ्या दोघांनी असे लिहून द्यायचे होते की आपण ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कोणताही धर्म मानत नाही. आठ धर्मांची नावे घेऊन आठही नाकारायचे, आणि मग सही करायची. म्हणजे नागरी विवाहाचे दार उघडले ते धर्माच्या घराला लागून नव्हे. ते गावकुसाबाहेर उघडले. आत येणाऱ्याने आधी आपले गाव सोडल्याचे जाहीर करायचे होते.

या दाराचा पुढचा इतिहास हा त्यावरची जकात हळूहळू कमी होत गेल्याचा इतिहास आहे. भूपेंद्रनाथ बसूंचा १९११ चा प्रयत्न फसला. विठ्ठलभाई पटेलांचे १९१८ चे आंतरजातीय विवाहाचे विधेयक कायदा होऊ शकले नाही. परंतु कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली आपल्या संस्थानात तशा विवाहांना कायद्याचा आधार दिला. १९२३ साली हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपला धर्म न नाकारता परस्परांत नोंदणी विवाह करता येऊ लागला. पण जकात उरलीच होती. असा विवाह करणारा एकत्र कुटुंबातून कायद्यानेच विभक्त ठरे, त्याला दत्तक घेता येत नसे, आणि तो एकुलता एक मुलगा असेल तर त्याच्या जिवंतपणीच बापाला दुसरा मुलगा दत्तक घेण्याची मुभा होती. कायद्याने मुलाच्या हयातीतच त्याची जागा रिकामी समजावी, याहून बोलका बहिष्कार कोणता?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला तो नोंदणी पद्धतीने. हिंदू कोड बिलासाठी झगडणाऱ्या आणि त्या प्रश्नावर १९५१ साली मंत्रिपद सोडणाऱ्या कायदेमंत्र्याला आपल्या विवाहासाठी हेच बाहेरचे दार होते, ही गोष्ट आपल्या विवाहविषयक इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवी.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्माची अट काढून टाकली. कोणत्याही दोन व्यक्तींमध्ये विवाह होऊ शकेल, असे चौथ्या कलमाच्या आरंभी म्हटले आहे. पण लगेच पुढे वयाची अट सांगताना पुरुष एकवीस, स्त्री अठरा असे शब्द येतात. ‘दोन व्यक्ती’ आणि ‘पुरुष व स्त्री’ या एकाच कलमातल्या दोन शब्दप्रयोगांच्या फटीत २०२३ ची याचिका उभी होती. तीस दिवसांची जाहीर नोटीस आणि कोणाही तिऱ्हाइताला आक्षेप घेण्याची मुभा ही जकात अजून तशीच आहे. कुटुंबातून विभक्त होण्याचे कलम दोघेही हिंदू असतील तर लागू नाही, अशी दुरुस्ती व्हायला १९७६ साल उजाडले.

इतिहासाच्या अंगाने पाहता समलिंगी जोडपी ही या दारात आलेली पहिली मंडळी नव्हेत. त्यांच्या आधी ब्राह्म आले, मग आंतरजातीय, मग आंतरधर्मीय. प्रत्येक वेळी समाज बुडेल असे सांगितले गेले आणि प्रत्येक वेळी दार थोडे रुंद झाले. तथापि यावरून दार आपोआप रुंद होते, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. गोव्याचे उदाहरण इथे उद्बोधक आहे. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर २५ डिसेंबर १९१० च्या हुकुमाने विवाह हा निव्वळ नागरी करार ठरला, आणि गोव्याच्या नोंदणीच्या परंपरेत तो हुकूम महत्त्वाचा आहे. पण त्याच हुकुमात हा करार भिन्नलिंगी व्यक्तींमधला, असे शब्दही होते. विवाह धर्माच्या हातून सरकारच्या हाती गेला म्हणजे तो सर्वांना खुला होतो असे नाही. पोर्तुगालने २०१० साली समलिंगी विवाह मान्य केला. गोव्यातला जुना पोर्तुगीज कायदा मात्र मूळ देशापासून तुटून होता तिथेच राहिला.

३. भटाविना लग्न

धर्म आणि कायदा यांच्या मध्ये आपल्याकडे एक तिसरी वाटही निघाली होती, आणि ती महाराष्ट्रातली आहे. सप्टेंबर १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने त्याच वर्षी पुण्यात ब्राह्मण पुरोहिताविना विवाह लावला. जोतीराव फुल्यांनी धर्म नाकारून नोंदवहीकडे जाण्याचा मार्ग सुचवला नाही. त्यांनी विधीच नवा रचला आणि वधूवरांच्या परस्पर वचनांना त्यात मध्यवर्ती स्थान दिले. ग्रामजोशांनी दक्षिणा बुडाल्याबद्दल दावे लावले. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे प्रकरण त्यासाठी प्रसिद्धच आहे. न बोलावलेल्या जोशाला दक्षिणा देण्याचे बंधन उडवणारा कायदा मुंबई कायदेमंडळाने केला तो १९२६ साली, सी. के. बोले यांच्या पुढाकाराने.

तमिळनाडूत पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीने हीच वाट धरली. तिथले विवाह मद्रास उच्च न्यायालयाने १९५३ साली अवैध ठरवले. अण्णादुराईंच्या सरकारने १९६७ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करून हार घालणे, अंगठी घालणे किंवा ताली बांधणे एवढ्यावर विवाह वैध केला. योगायोग असा की हिंदू विवाह कायद्यातल्या ‘वधू’ या शब्दात पारलिंगी स्त्रीचाही समावेश होतो, असा निवाडा २०१९ साली त्याच मद्रास उच्च न्यायालयाने दिला. २०२३ च्या निकालातही स्त्री-पुरुष नात्यातल्या पारलिंगी व्यक्तींचा विवाहाचा अधिकार पाचही न्यायमूर्तींनी मान्य केला.

सत्यशोधक विवाहाचा धडा आजच्या वादात दुहेरी उपयोगाचा आहे. समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली तर पुरोहितांवर सक्ती होईल, अशी भीती काही जण प्रामाणिकपणे बाळगतात. परंतु विधीपासून पुरोहिताची सक्ती दूर करता येते हे आपण १९२६ सालीच पाहिले. त्याच न्यायाने पुरोहितावरची सक्तीही टाळता येते. कोणता विधी करायचा हे त्या त्या समुदायाने आणि पुरोहिताने ठरवावे. विवाह झाला की नाही आणि त्यातून कोणते हक्क निघतात, हे मात्र सरकारला सांगावे लागते, कारण वारसा, निवृत्तिवेतन, दत्तक या गोष्टी कोणताही पुरोहित देऊ शकत नाही.

४. अपुरे राहिलेले पाऊल

साहित्याच्या विद्यार्थ्यांना यातला एक धागा परिचित वाटेल. देवलांच्या ‘संगीत शारदा’त (१८९९) भुजंगनाथाशी चाललेले शारदेचे लग्न सगोत्रतेच्या कारणाने मोडते आणि मग या मुलीचे पुढे काय, हा पेच उभा राहतो. तो सुटतो तेव्हा सुधारकाला, कोदंडालाही, शंकराचार्यांच्या संमतीचा आधार लागतो. धर्माच्या तांत्रिक नियमानेच धर्माच्या नावाखाली होणारा अन्याय थांबवावा, ही देवलांची युक्ती.

याला एक विपरीत जोड न्यायालयात सापडते. ‘भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली द्विभार्येच्या आरोपातून पुरुषाची सुटका केली. कारण एवढेच, की दुसऱ्या लग्नात आवश्यक धार्मिक विधी झाल्याचे सिद्ध झाले नाही. विधी अपुरे म्हणून लग्न नाही, लग्न नाही म्हणून गुन्हा नाही. विधीच्या अपुरेपणाने शारदा सुटली. त्याच अपुरेपणाने इथे पुरुष सुटला आणि पहिल्या पत्नीच्या हाती काही आले नाही. विधीला कायद्याचा दर्जा दिला की तो कोणाच्या बाजूने वळेल याची खात्री देता येत नाही. २०२४ सालीही सर्वोच्च न्यायालयाने, विधी झालेले नसताना केवळ नोंदणीचा कागद असल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सांगितले. थोडक्यात, हिंदू विवाह कायद्यात नोंदवही आजही सप्तपदीची वाट पाहते.

मराठी नाटकाने समलिंगी जोडप्यांना यातले काय दिले? आळेकरांच्या ‘बेगम बर्वे’त (१९७९) संगीत नाटकात स्त्रीभूमिकेच्या आशेवर आयुष्य काढलेला बर्वे आणि कारकून जावडेकर यांचे लग्न लागते, डोहाळेही लागतात, पण सारे नाट्यपदांच्या स्वप्नात, आणि जाग येते ती क्रूर. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये (१९८१) सुमित्राच्या वाट्याला मृत्यू येतो. एक स्वप्न आणि एक आत्महत्या. या दोहोंच्या मधली जागा, म्हणजे भाड्याचे घर, शिधापत्रिका, इस्पितळातली सही, म्हातारपण, ही आपल्या नाटकाने त्या काळात रिकामी ठेवली. कायद्यानेही ती रिकामीच ठेवली होती. वाङ्मयाची कल्पनाशक्ती कायद्याच्या फार पुढे असते, असे आपण वर्गात सांगतो. या बाबतीत ते तपासून घ्यायला हवे.

५. प्रश्न उरतो तो

न्यायमूर्ती भट यांच्या मते विवाह ही राज्यसंस्थेच्याही आधीची सामाजिक संस्था आहे. तर सरन्यायाधीशांच्या मांडणीत विवाहाला आजचे महत्त्व आले ते राज्याने त्याचे नियमन केल्यामुळे. वर पाहिलेल्या इतिहासात दोन्हींना आधार सापडतो. पाट लावणाऱ्या जातींनी सरकारला विचारून पाट लावला नव्हता. पण त्यांची काडीमोड नाकारली ती सरकारच्या न्यायालयाने. समाज विवाह घडवतो, आणि राज्य त्यांतले काही निवडून बाकीचे बाद करते. निवडण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे त्याला, ‘ही संस्था माझ्या आधीची आहे’ असे म्हणून हात झटकता येतील काय?

विवाहसंस्थेलाच हक्कांचे प्रवेशद्वार का करायचे, हा प्रश्न समलिंगी चळवळीतूनही विचारला गेला आहे आणि तो रास्त आहे. मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ साली म्हटले की कुटुंब उभारण्याचा विवाह हा एकमेव मार्ग नव्हे. स्वतः निवडलेले कुटुंबही कुटुंबच. २०२४ साली केंद्र सरकारनेही शिधापत्रिकेसाठी अशा जोडप्यांना एकाच घरातले मानावे आणि बँकेत संयुक्त खाते उघडण्यास अडसर नाही, असे स्पष्ट केले. ही पावले लहान असली तरी अर्थपूर्ण आहेत. रेशनच्या दुकानात जे दोघे एका घरातले, ते वारसाच्या अर्जावर परके ठरतात. १९२३ च्या कायद्यात जिवंत मुलाची जागा रिकामी समजली जात होती. आज तीस वर्षे एकत्र राहिलेल्या जोडीदाराची जागा दुसऱ्याच्या मृत्यूनंतर तशीच रिकामी समजली जाते, आणि मृत्युपत्र नसेल तर घर दूरच्या पुतण्याच्या नावे होऊ शकते. पहिली गोष्ट आपल्याला आज अन्यायाची वाटते. दुसरीचे समर्थन करायचे असेल तर ते संस्काराच्या नावाने करता येणार नाही. कारण त्या अर्जावर संस्काराचा रकाना कधी नव्हताच.